उन्हाळी सुटी आणि पाण्याचा हिशेब

विद्यापीठांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे एक प्रश्न दरवर्षी नेमाने विचारला जातो : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याची सुटी कशी घालवावी? या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली असतात. एखादी परकीय भाषा शिकावी, संगणकाचा नवा अभ्यासक्रम पुरा करावा, स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू करावी, एखाद्या कंपनीत इंटर्नशिप करावी, पोहायला शिकावे, चार चांगली पुस्तके वाचावीत. यातले काहीच वाईट नाही. परंतु उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो विद्यार्थी असतो, त्याच्याकडे दोन महिने मोकळे असतात, त्याच्या घरी नळाला पाणी असते आणि त्याच्या कमाईवाचून घरातले काही अडलेले नसते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पटावरील किती विद्यार्थी या वर्णनात बसतात, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

वस्तुस्थिती वेगळी आहे. बीड-परभणीकडच्या एखाद्या मुलाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. परीक्षा आटोपून तोही त्याच सुमारास घरी पोचतो. मग लग्नसराईत वाढपी म्हणून जाणे, मंडपाचे बांबू रोवणे, वीटभट्टीवर किंवा पेट्रोल पंपावर रोजाने राहणे, नाहीतर पुण्यात राहून दुचाकीवरून लोकांच्या दारात जेवण पोचवणे, ही त्याची सुटी. पुढच्या वर्षाचे शुल्क आणि खानावळीचे पैसे यातूनच उभे राहायचे असतात. मुलींची सुटी तर आणखी निराळी. वसतिगृहातून घरी आलेल्या मुलीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी हंडा येतो. मे महिना लग्नाचा म्हणून पाहण्याचे कार्यक्रम याच दिवसांत ठरतात आणि जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हा मागच्या बाकावरची एखादी मुलगी परत आलेली नसते. तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने सुटी हा वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

म्हणून सुटीचा प्रश्न निव्वळ वेळ घालवण्याचा प्रश्न मानणे मला मान्य नाही. विद्यार्थी या काळात असतो कोठे आणि तेथे त्या वेळी काय चाललेले असते, येथून विचाराला आरंभ झाला पाहिजे. आपले बहुसंख्य विद्यार्थी मे महिन्यात आपापल्या गावी वा वस्तीत असतात, आणि मे महिन्यात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाण्याची टंचाई असते. पावसाळ्यात सगळे गाव सारखेच हिरवे दिसते. कोणाची विहीर तळाला गेली आणि कोणाची मोटार अजून चालते, कोणाच्या दारात टँकरची नळी पोचते आणि कोणाला तिच्यामागे धावावे लागते, हे उन्हाळ्यातच उघडे पडते. गावातील विषमता समजून घेण्यासाठी याहून चांगला महिना नाही, आणि ती टिपून घेण्यासाठी याच मातीतला, पण लिहिता-वाचता-मोजता येणारा तरुण नेमका याच महिन्यात घरी आलेला असतो. या योगायोगाचा उपयोग आपण आजवर फारसा करून घेतलेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : विद्यार्थ्यांनी या सुटीत आपल्या गावाच्या, आपल्या वस्तीच्या पाण्याचा हिशेब मांडावा आणि तो गावासमोर वाचून दाखवावा. सेवा करू नये असे मी म्हणत नाही. परंतु सेवेच्या आधी हिशेब हवा, अशा निष्कर्षाला मी अनुभवाने आलो आहे.

तो अनुभव सांगितला पाहिजे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी महाविद्यालयीन विद्यार्थी होतो. त्या दुष्काळाने आमची पिढी हलवून सोडली होती. खडी फोडणाऱ्या बायामाणसांचे तांडे आम्ही पाहिले होते आणि आपणही काही केले पाहिजे, अशी तळमळ प्रत्येकाच्या मनात होती. आम्ही पंचवीस-तीसजण एका गावी शिबिराला गेलो आणि दहा दिवस खपून एक रस्ता तयार केला. हाताला फोड आले, रात्री गाणी झाली, समारोपाला पाहुणे आले, भाषणे झाली. निघण्याच्या दिवशी दलित वस्तीतील एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला सहज विचारले की, हा रस्ता कोठून न्यायचा हे ठरवले कोणी? आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. रस्ता गावातल्या सर्वांत मोठ्या बागाइतदाराच्या मळ्याकडे गेला होता. बाईची वस्ती ओढ्यापलीकडे होती आणि तेथून पाण्याला येण्याची वाट दगडधोंड्यांचीच राहिली होती. आम्ही घाम मनापासून गाळला होता. तो कोणासाठी गाळतो आहोत, हे मात्र विचारले नव्हते.

याचा अर्थ शिबिरे व्यर्थ गेली असा कोणी काढू नये. १९४१मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरे, १९६०च्या दशकात बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी, १९६९मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना, यांनी शहरी मुलांना कुदळ धरायला आणि वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला शिकवले. ही कमाई लहान नाही. परंतु श्रमाला चौकशीची जोड नसेल तर श्रम आपोआप बलवानाच्या पदरात पडतात, हा धडा आपण त्या काळी पुरेसा घेतला नाही. त्याची भरपाई आजच्या विद्यार्थ्याने करावी.

चौकशीची ही वाट आपल्याला परकी नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली तेव्हा तिची पहिली पायरी कोणती होती? तरुणांना बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडले आणि अगदी साधे प्रश्न विचारीत गेले : गावाची सार्वजनिक विहीर कोणती? तिच्यावर दलित पाणी भरतात का? भरत नसतील तर कोठे भरतात? अस्पृश्यता घटनेने संपवली आहे, असे पुस्तकात वाचलेल्या मुलांना ती काठावर उभी असलेली दिसली. बाबा डिसेंबर २०२५मध्ये निवर्तले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सभा बऱ्याच झाल्या असतील. त्यांचे ते साधे प्रश्न आज पुन्हा विचारणे, ही मला अधिक खरी श्रद्धांजली वाटते.

कागद आणि पाणी यांच्यात किती अंतर असू शकते, हे महाडने आपल्याला कायमचे शिकवून ठेवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तेथे जावे लागले आणि त्यासाठी लोकांना मार खावा लागला. ठराव झाला म्हणजे पाणी मिळाले, असे जो मानतो त्याने महाडचा इतिहास वाचलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

तीच गोष्ट आजच्या योजनांची. २०१९मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळाने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे वचन दिले. त्याची मूळ मुदत २०२४ची होती, ती पुढे २०२८पर्यंत वाढवण्यात आली. टंचाईच्या काळात टँकरने पाणी द्यावयाचे झाल्यास दर माणशी २० लिटर हे मान धरले जाते. म्हणजे पाच माणसांच्या घराला नळाने २७५ लिटर आणि टँकरने १०० लिटर मिळावयास हवेत. साधारण पंधरा लिटरचा हंडा धरला तर १०० लिटर म्हणजे सात हंडेदेखील पुरते होत नाहीत. आता आपल्या गावात या घटकेला एका घराला प्रत्यक्षात किती हंडे मिळतात? दप्तरात नळजोडणी झालेल्या घरांपैकी किती घरांत नळ आहे आणि नळ असलेल्या घरांपैकी किती घरांत पाणी आहे? ही आकडेवारी मुंबईहून किंवा दिल्लीहून कळणार नाही. ती गल्लीगल्लीतून फिरूनच मिळेल. त्याला लागते काय, तर एक वही, एक पेन्सिल, एक मोजपट्टी आणि चार पाय.

कामाची दिशा मी येथे सुचवून ठेवतो. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट करावा. त्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एकजण आणि एक तरी मुलगी असलीच पाहिजे. घरात पाणी कोण भरते, किती वाजता उठून भरते, गर्भारपणी भरते की नाही, या प्रश्नांची खरी उत्तरे पुरुष विचारणाऱ्याला मिळत नाहीत. प्रथम गावातील सर्व पाणवठ्यांची यादी करावी : सार्वजनिक विहिरी, हातपंप, विंधन विहिरी, तळी, टाक्या. प्रत्येकाची जागा कोणाच्या मालकीची आहे आणि पाण्याची पातळी किती खाली गेली आहे, ते लिहावे. दोरीला दगड बांधून विहिरीची पातळी मोजता येते. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही ठरावीक महिन्यांत मोजते आणि मे हा त्यांतलाच एक. जे यंत्रणा काही विहिरींबाबत करते ते गावाने आपल्या सर्व विहिरींबाबत करावे, इतकेच.

यानंतर घरोघर जावे. घरापासून पाणवठा किती पावलांवर आहे, दिवसाला किती खेपा होतात, रांगेत किती वेळ जातो, पाणी विकत घ्यावे लागते काय आणि कोणाकडून, जनावरे किती आहेत, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाचे नाव टँकरच्या लाभार्थ्यांत धरले आहे की ते गावात नाही असे समजून वगळले आहे, हे टिपावे. या शेवटच्या प्रश्नाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. वर्षातील पाच-सहा महिने हे लोक दुसऱ्याच्या शेतातील ऊस तोडतात. बारा महिन्यांहून अधिक काळ शेतात उभे राहून पाणी पिणारे ते पीक कापून ते जेव्हा घरी येतात, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घागरीत पाणी नसते. आपल्या जलव्यवस्थेवर याहून कडवट भाष्य कोणते असू शकेल?

टँकरची वेगळी वही ठेवावी. मंजूर खेपा किती, आलेल्या खेपा किती, टँकर कोठे रिकामा झाला, पाणी विहिरीत सोडले की थेट वाटले, आणि वाटले तर रांग कोणत्या टोकापासून सुरू झाली. सतत पंधरा दिवस अशी नोंद ठेवली की जे चित्र उभे राहते, ते एखाद्या जाडजूड अहवालाहून अधिक बोलके असते.

या कामाला कायद्याचा आधार आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून दिले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घेण्यावर महाराष्ट्रात १९९३च्या कायद्याने बंधन घातले आणि २००९च्या भूजल अधिनियमानेही ते संरक्षण पुढे चालू ठेवले. गावाची विहीर आटली म्हणजे देवाचा कोप झाला असे म्हणून आपण गप्प बसतो. तिच्यापासून ५०० मीटरच्या परिघात किती विंधन विहिरी झाल्या, हे मोजून काढले तर कोप देवाचा की माणसाच्या लोभाचा, याचा उलगडा होतो. माहितीचा अधिकार आपल्याला २००५ सालापासून देशभर आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देण्याचे बंधन. सुटीच्या पहिल्या आठवड्यात टँकरच्या खेपा, देयके आणि नळयोजनेचे अंदाजपत्रक यांसाठी अर्ज टाकला तर महाविद्यालय उघडण्यापूर्वी उत्तर हाती यावयास हवे. न आल्यास अपील करण्याचे शिक्षणही त्याच सुटीत होऊन जाते.

मग हा हिशेब जाहीरपणे वाचला पाहिजे. ही शेवटची पायरी टाळली तर सगळे काम वहीत मिटून पडेल. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. तेथे पंचायतीच्या कामांची बिले आणि हजेरीपट गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आले, आणि ज्यांची नावे मजूर म्हणून लागली होती त्यांनीच उठून सांगितले की आम्ही त्या कामावर कधी गेलो नव्हतो. पुढे माहितीच्या अधिकाराच्या देशव्यापी चळवळीला या सभांतून बळ मिळाले. तेथे जे घडले त्यात गूढ असे काही नाही. कागदावरचे अक्षर आणि लोकांची आठवण ही दोन्ही एका मांडवाखाली आणली गेली, एवढेच. महाराष्ट्रात तर ग्रामसभेचा मांडव कायद्यानेच घातलेला आहे. एक मे आणि पंधरा ऑगस्ट हे तिचे ठरलेले दिवस आहेत आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे. जूनच्या आरंभी पारावर बसून गावकऱ्यांना हिशेब ऐकवावा, चुका दुरुस्त करून घ्याव्यात, त्याची प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर यावा, असा आग्रह धरावा. महिलांच्या सभेत तो वाचला जाणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या हंडे वाहतात त्यांनाच हंड्यांचा हिशेब पहिल्याने ऐकण्याचा हक्क आहे.

शहरातले विद्यार्थी विचारतील की आम्ही कोठे जावे? त्यांना माझे सांगणे आहे की, कोठेही जाऊ नका, आपल्याच शहरात राहा. मुंबईत मोठ्या संकुलाच्या भिंतीला लागून असलेल्या झोपडपट्टीत पाणी किती वेळ येते आणि पिंपाला काय भाव पडतो, हे त्या संकुलात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर दिला. त्या निर्णयाचा लाभ आपल्या परिसरात किती घरांना पोचला, हे शोधणे एका उन्हाळ्याचे काम आहे.

परगावी जाऊन काम करू इच्छिणाऱ्यांनी एक जुने उदाहरण अवश्य अभ्यासावे. १९६४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील सुमारे एक हजार विद्यार्थी आपली सुटी घेऊन मिसिसिपी राज्यात गेले. कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत नोंदवणे आणि त्यांच्यासाठी शाळा चालवणे, हे त्यांचे काम होते. आरंभीच तीन तरुण कार्यकर्त्यांचे खून झाले. सुमारे १७,००० लोक नोंदणीसाठी पुढे आले, त्यांपैकी जेमतेम १,६०० जणांची नावे स्वीकारली गेली. अपयशासारखा दिसणारा हा आकडाच पुढे पुरावा ठरला आणि १९६५च्या मतदान हक्क कायद्याच्या मागे जे जनमत उभे राहिले त्यात या उन्हाळ्याचा वाटा होता. परंतु सुटी संपल्यावर पाहुणे बहुतांशी परत गेले आणि गोऱ्या जमीनदारांच्या रोषाला तोंड द्यायला स्थानिक लोक मागे राहिले. काम गावाचे असावे, वही गावात राहावी आणि नेतृत्व मागे राहणाऱ्याच्या हाती असावे, ही खबरदारी आपण पहिल्या दिवसापासून घेतली पाहिजे.

कारण धोका आपल्याकडेही आहे आणि तो लपवून विद्यार्थ्यांना पुढे ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या विंधन विहिरीची नोंद करावयाची त्याच्याच शेतावर नोंद करणाऱ्याचे वडील मजुरी करीत असतील. टँकरचा ठेकेदार हा सोसायटीच्या अध्यक्षाचा भाऊ असेल, आणि पुढच्या हंगामाचे पीककर्ज त्याच सोसायटीतून निघावयाचे असेल. मुलीने घरोघर फिरून प्रश्न विचारले म्हणून तिच्या लग्नाच्या बोलण्यात अडथळा आणला जाईल. म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याचे नाही. गटाने फिरावे, नोंद माणसाविरुद्ध आरोप म्हणून न लिहिता निव्वळ माप म्हणून लिहावी, आणि वहीतील पहिली नोंद स्वतःच्या घराची असावी. माझ्या घरी पाणी किती येते, कोठून येते, ते कोण भरते आणि आमच्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत नाही, हे पहिल्या पानावर लिहिल्यानंतर दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो. ते पान लिहिणे सर्वांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

दुसरा आक्षेप कमाईचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्याला सुटीत चार पैसे मिळवलेच पाहिजेत, त्याला आपण कोणत्या तोंडाने विनावेतन काम सांगावे? याला माझे उत्तर असे की, सांगूच नये. विनावेतन अनुभवाच्या नावाखाली तरुणांचे श्रम फुकट लाटण्याची पद्धत इंटर्नशिपच्या रूपाने रुजते आहे. आपण तिच्यात भर घालता कामा नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आले आहेत. आज त्यांतील काही प्रकल्प कसे तयार होतात, हे झेरॉक्सच्या दुकानात चौकशी केली तर कळते. पाण्याचा हिशेब हा क्षेत्रप्रकल्प म्हणून मान्य करावा, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी केली पाहिजे. म्हणजे विद्यार्थ्याला एकच काम दोनदा करावे लागणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले तेव्हा गरिबाच्या मुलाने श्रम करून सन्मानाने शिकावे, हा विचार त्यामागे होता. ‘कमवा आणि शिका’ योजना आज विद्यापीठांतून चालते. गावच्या पाण्याची मोजणी हे त्या योजनेतील उन्हाळी काम मानून त्याचे तासाप्रमाणे मानधन द्यावे, ही मागणी त्याच परंपरेतील आहे. तोवर ज्याला वाढप्याचे काम करावयाचे आहे त्याने ते अवश्य करावे आणि संध्याकाळचा एक तास गटाला द्यावा. त्याच्या कष्टाकडे कमीपणाने पाहणाऱ्याला या कामात स्थान नाही.

कोणी असेही म्हणतील की मुले वर्षभर दमतात, त्यांना विश्रांती हवी. मान्य आहे. माणसाला सुटी हवीच. तो हक्क कामगार चळवळीने झगडून मिळवला आहे आणि विद्यार्थ्यालाही तो आहे. आंबे खावेत, विहिरीत पोहावे, दुपारी झोपावे. मात्र ज्या विहिरीत पोहता येते तेवढे पाणी कोणाच्या विहिरीत उरले आहे, हा प्रश्न सूर मारण्यापूर्वी एकदा मनात येऊन जावा, एवढीच अपेक्षा आहे.

शेवटी दोन शब्द आपल्या कार्यकर्त्यांना. विद्यार्थ्यांशी आपला संबंध अलीकडे कशापुरता उरला आहे, याचा आपण मनाशी विचार करावा. सभेला गर्दी हवी, मोर्चाला घोषणा देणारे गळे हवेत, निवडणुकीत चिठ्ठ्या वाटणारे हात हवेत, तेव्हा आपल्याला त्यांची आठवण होते. त्यांच्या डोक्याची गरज आपल्याला क्वचित भासते. या उन्हाळ्यात हा क्रम उलटा करून पाहू या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने एका तरी गटाची जबाबदारी घ्यावी. माहितीच्या अर्जाचा मसुदा कसा करावा हे दाखवावे, एसटीच्या भाड्याची आणि चहापाण्याची सोय करावी, गटावर दडपण आले तर तहसीलदाराकडे त्यांच्याबरोबर जावे, आणि ग्रामसभेच्या दिवशी मागच्या रांगेत शांतपणे बसावे. व्यासपीठावर त्या दिवशी वही वाचणारी मुलगी असेल.

तिने वाचलेल्या हिशेबाने त्याच वर्षी गावाला पाणी मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. महाडचा ठराव आणि महाडचे पाणी यांत तीन वर्षांचे अंतर होते आणि प्रश्न त्यानंतरही संपला नव्हता. परंतु पुढच्या वर्षी मे महिन्यात टँकर येईल तेव्हा मागच्या वर्षीच्या खेपांचा आकडा गावातल्या कोणाच्या तरी वहीत लिहिलेला असेल, आणि तो लिहिलेला आहे हे चालकाला, ठेकेदाराला आणि सरपंचाला ठाऊक असेल. ओढ्यापलीकडच्या त्या म्हाताऱ्या बाईने आम्हांला विचारलेला प्रश्न, हे ठरवले कोणी, पन्नासहून अधिक वर्षे माझ्या मनात आहे. आमच्या पिढीला त्याचे उत्तर वेळीच शोधता आले नाही. आज जी मुले परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी निघाली आहेत, त्यांनी पिशवीत एक कोरी वही टाकावी.